बिशपच्या पिसांची झळाळी

१२ फेब्रुवारी

ही वही मी हौसेने लिहीत नाही. माझ्या कोंबड्याला कुणीतरी काहीतरी करतंय. उद्या प्रकरण गावच्या न्यायाधीशापुढे गेलं तर तारीखवार सांगता यावं, एवढ्यासाठी हा उद्योग.

आज उतरत्या चंद्रातली पिसांची पहिली उपटणी. बिशपला मांडीवर घेतलं. बिशप हे कोंबड्याचं नाव, तो चालतोच तसा, जणू सगळ्या खुराड्याने त्याच्या पाया पडावं. आरवतानाही तिसऱ्या हाकेला त्याचा आवाज चिरकतो, प्रवचनात घसा बसल्यासारखा. पाठीचं पहिलं पीस ओढलं की तो माझ्या उजव्या अंगठ्याला चोच मारतो. आजही मारली, रक्त काढलं. त्याबद्दल तक्रार नाही, त्याचा तो हक्कच आहे.

तक्रार पिसांची आहे. बिशप एकरंगी, पोलादी राखी. ना ठिपका, ना रेघ. हा वाण बाबांपासून आमच्या घरात आहे आणि आता त्याच्या एकट्याच्या अंगात उरलाय, कारण त्याची पिल्लं गेल्या हिवाळ्यात कोल्ह्याने नेली. गळावर त्याच्या पिसाची खोटी माशी बांधली आणि पाण्यात सोडली की ती अशी उजळते की ट्राउट माशाला वाटतं खरीच माशी पंख सोडवतेय. कुरुएन्यो नदीवर गळ टाकणारा शहाणा माणूस दुसरं पीस मागत नाही.

आज पीस खिडकीशी धरलं, तर झळाळी नाही. कॉफीच्या पाण्यात बुडवून काढल्यासारखा रंग. ओठांवरून उलटं फिरवून पाहिलं, ताठपणा जिथल्या तिथे. म्हणजे पीस निरोगी आणि रंग मेलेला. असं कधी होत नाही. माशी नेमकी कुठे शिंकली ते शोधायला हवं.

या नव्या वहीच्या रेघाही इतक्या फिकट छापल्यात की विचारू नका. दुकानदाराला सांगितलं पाहिजे.

१६ फेब्रुवारी

मला आमाब्लेचा संशय आहे. हा माझ्या बायकोचा भाऊ, पुलापलीकडे राहतो. त्याच्याकडे सगळे ठिपक्यांचे कोंबडे, तपकिरी अंगावर पांढरे ठिपके. वाईट नाहीत, पण बिशपपुढे काहीच नाहीत. दर वर्षी तो बिशपच्या वाणाची अंडी मागतो आणि दर वर्षी मी नाही म्हणतो. आता माणसाचं मन कशाने फिरेल सांगता येत नाही. दाण्यात काही मिसळलं असेल.

बायकोला, बौदिलियाला, बोललो तर म्हणाली, माझा भाऊ मुंगीला चुकवून पाय टाकतो. बहीण असंच म्हणणार.

३ मार्च

हंगाम तोंडावर आलाय आणि नोटरीसाहेबांच्या माशा बांधायच्यात. आम्ही गळ बोटांच्या चिमटीत धरून बांधतो, गळ पकडायचा शेगडा वगैरे यंत्रं लेओन शहरातल्या दुकानात. माझं बोट कधी चुकलं नाही. पण यंदाचं रेशीम रद्दी आहे. गाठ बसली म्हणून सोडावी तर बसलेलीच नसते. दोनदा तर रेशमाचं टोक गळाच्या नेढ्यात ओवताना संध्याकाळ झाली. वीजकंपनीचा दिवाही आता इतका वाईट जळतो की त्याच्याभोवती रंगीत कडं दिसतं. सगळं जगच हलक्या मालाचं झालंय.

बौदिलिया समोर लोकर विणत होती. ती डावखुरी असल्याने तिचं विणकाम मला नेहमी उलटं वाटतं. म्हणाली, "दे, मी ओवते." मी दिलं नाही. तिच्या वडिलांनी तिला माशा बांधायला शिकवलं होतं म्हणे, पण ते लग्नाआधीचं. या घरात माशा मी बांधतो.

१९ मार्च

संत जोसेफचा दिवस, हंगामाची सुरुवात. आणि काय सुरुवात! नोटरीसाहेब दुपारी दारात. पहिल्याच फेकीत मी बांधलेल्या माशांची डोक्याकडची गाठ सुटली. माणूस सभ्य, आवाज न चढवता म्हणाले, "होनोरिनो, तुमच्या हातून असं होईल असं मला कुणी शपथेवर सांगितलं असतं तरी मी खोटं म्हटलं असतं." मी रेशमाचं सांगितलं. पिसांचंही सांगितलं. त्यांनी पीस उन्हात धरलं, बराच वेळ बघितलं आणि म्हणाले, मला तर छान दिसतंय. शहरातल्या माणसाला काय कळणार.

जेवताना मी ठरवून टाकलं. बाबांचा नियम होता, झळाळी गेलेला नर ठेवायचा नाही, वाण बाटतो. रोगट वाण पुढे चालवण्यापेक्षा निर्मळ संपलेला बरा. संत इसिद्रोच्या दिवसापर्यंत, म्हणजे मेच्या मध्यापर्यंत बिशप सुधारला नाही तर त्याच्यावर सुरी. बौदिलियाने भाकरी मोडता मोडता हात थांबवला.

"वाण संपेल," ती म्हणाली.

"संपू दे."

मग ती म्हणाली, अजून एक उपटणी होऊ दे, घाई करू नकोस. ती तर होणारच आहे. मी काही कसाई नाही.

११ एप्रिल

दुसरी उपटणी. आधीपेक्षा वाईट. सावलीत जरा तरी बरं दिसतं, पण उन्हात नेलं की सगळा धूसर चिखल. ऊन खोटं बोलत नाही, दोष उघडा पाडतं. बिशपने अंगठा फोडला. मी त्याला म्हटलं, बाबा रे, चोच आहे तशी पिसंही ठेवायची होतीस.

बौदिलिया संध्याकाळी हळूच म्हणाली, लेओनला जाऊन येऊ. मी विचारलं, कशाला. म्हणाली, सहज. मग म्हणाली, तिथे एक चांगला डॉक्टर आहे. मी म्हटलं, कोंबड्याला बसमध्ये बसवणार आहेस का? ती हसली नाही. मला कळलं तिचा रोख. माझ्या बाबांचे डोळे गेले तेव्हा ते माझ्याच वयाचे होते. मग ते भिंतीला टेकून बसले ते बसलेच. गावातून येणारा जाणारा त्यांना ओरडून विचारायचा, ओळख पाहू कोण मी? आणि बाबा हसून चुकीचं नाव घ्यायचे. मी बाबा नाही. मला हा विषय घरात नको, असं मी मूठ आपटून सांगितलं. खारट सूप सांडलं. तेही तिनेच खारट केलं होतं, किंवा मीच दोनदा मीठ टाकलं असेल.

२६ एप्रिल

आज मन जागेवर आहे. नोटरीसाहेब येऊन गेले. नव्या माशा घेतल्यापासून टोपली भरून मासे मिळतायत, तीस वर्षांत अशा माशा पाहिल्या नाहीत, असं म्हणाले. म्हणजे माझ्या हाताला काही झालेलं नाही. नवं रेशीम आणलं, प्रश्न मिटला. मी सकाळी बांधून डब्यात ठेवतो आणि दुपारी नदीवर जातो, एवढंच.

जाता जाता विचारत होते, हल्ली रेशीम उलट्या बाजूने गुंडाळता का? मी म्हटलं, छे. सकाळी सकाळी घेतली असावी त्यांनी. शेजारी बौदिलिया उभी होती, तिने कॉफी आणायला म्हणून पाठ फिरवली. तिच्या बोटांना सगळीकडे टोचल्याच्या खुणा आहेत. म्हणते, गोधडी शिवतेय. गोधडी काही मला दिसली नाही.

पण माशा चांगल्या झाल्या तरी पिसं वाईटच. हे दोन्ही एकदम कसं खरं असेल, यावर विचार करून डोकं दुखलं. ठेवलं बाजूला.

५ मे

आज मरता मरता वाचलो. शांतपणे, क्रमाने लिहायचं म्हणतोय.

डोंगरावरचं बर्फ वितळतंय, नदी फुगलीय, तिचा आवाज इतका की पलीकडच्या काठावर तोफ उडाली तरी इकडे कळायचं नाही. मला बिशपच्या पिसाची माशी पाण्यात पाहायची होती. ट्राउट गळाला लागली तर तो वाचला, असं मनाशी म्हटलं होतं. मोठ्या खडकाखालच्या डोहाशी गेलो. मासे वर येत होते, खडकाच्या आडोशाला जवळचं डुबुक डुबुक तेवढं ऐकू येत होतं, पण पाण्यावर इतकी चकाकी की ते कुठे आहेत ते दिसेना. दोरीला दोनदा झटका बसला आणि दोन्ही वेळा मी उशीर केला. मी, होनोरिनो, उशीर केला! जरा पुढे सरकावं म्हणून सपाट दगडावर पाय ठेवला. दगड नव्हताच. पाण्यावरची सावली होती.

पाणी गळ्यापर्यंत आलं, मग डोक्यावरून गेलं. तेवढ्यात कुणीतरी कॉलर धरून बाहेर ओढलं. आमाब्ले. बुटांसकट पाण्यात उतरलेला. काठावर आम्ही दोघं धापा टाकत पडलो होतो. तो म्हणाला, "आता तरी पुरे कर." मी विचारलं, तू इथे काय करत होतास? तो बुटातलं पाणी ओतू लागला. म्हणजे माझ्या मागावर होता. माझ्या डोहाच्या जागा बघत होता, दुसरं काय. जीव वाचवला हे खरं. पण कुत्रासुद्धा हाड मिळेल म्हणूनच मागे येतो.

घरी बौदिलियाने माझे कपडे वाळत घातले आणि एकही प्रश्न विचारला नाही. मी पडलो हे तिला आधीच माहीत असल्यासारखं. टोपी गेली नदीत.

१० मे

आता पुरावा मिळाला.

बाबांनी शेवटच्या चांगल्या वर्षात वेचलेली पिसं मी पत्र्याच्या डब्यात, कपाटावर जपून ठेवलीयत. तीच खूण, त्यांच्याशीच तुलना करायची. ती पिसं मी आयुष्यात शंभरदा पाहिलीत, डोळे मिटले तरी दिसतात, पहाटेच्या पाण्यासारखी. आज डबा काढला आणि उन्हात नेला. तीसुद्धा मेलेली. तोच कॉफीचा रंग.

म्हणजे ती पिसंही बदललीयत. ती जागा फक्त बौदिलियाला ठाऊक होती. बहिणीने काढून दिली आणि भावाने नेली, त्या जागी भुसा ठेवला. इतकी वर्षं मी घरात काय बाळगलं! मी सरळ विचारलं. ती पांढरी पडली. खुर्चीवर बसली, डबा मांडीवर घेतला आणि एकेक पीस बोटावर फिरवत राहिली. म्हणाली, "होनोरिनो, ही तुझ्या बाबांचीच पिसं आहेत." मी म्हटलं, माझ्या डोळ्यांत धूळ फेकू नकोस. तेव्हा तिला रडू फुटलं. चोरी पकडली गेली की माणूस रडतोच. तरी मला ते बघवलं नाही, मी अंगणात गेलो.

आमाब्लेने या घरात पाय ठेवायचा नाही आणि हिने पूल ओलांडायचा नाही, असं सांगून टाकलं. संत इसिद्रोचा दिवस ठरलाय तो ठरलाय. डोहातल्या माशांनीही निकाल दिलाच आहे.

१४ मे

बौदिलियाने तीन वेगवेगळ्या तऱ्हांनी विनवून पाहिलं. एकदा प्रेमाने, एकदा रागाने आणि एकदा पाद्रीबाबांना मध्ये घालून. पाद्रीबाबा म्हणाले, कोंबड्याचा एवढा काय तो प्रश्न. बिशप हे नाव त्यांना कधीच आवडलेलं नाही, त्यामुळे त्यांनी फार जोर लावला नाही. मी ढिम्म. संध्याकाळी ती एकदम निवळली. म्हणाली, बरं, तुझंच खरं. पण उद्या त्याला मी धरून आणते, तू खुराड्याकडे येऊ नकोस, मुक्या जनावराला कळतं. तिची ही गोष्ट मला फार भावली. कितीही झालं तरी ती माझं मन जाणते.

१५ मे

झालं.

मी म्हणत होतो कलत्या उन्हात करू, पण ती भर दुपारी त्याला घेऊन आली. पाय बांधलेले, पंख तिच्या काखेत. ऊन माझ्या तोंडावर होतं. मी त्याच्याशी बोललो. म्हटलं, तुझा दोष नाही, तुला कुणीतरी बिघडवलं. हाताला तो हलका लागला. काळजीने झिजला असणार. मग मी अंगठा त्याच्या चोचीपुढे धरला. वाटलं, एकदा शेवटचं मार, मला तेवढं लागू दे. त्याने मारली नाही, मान फिरवली. त्याला माझी शिसारी आली असेल. मग मी सुरी चालवली.

बौदिलियाने लगेच उचलून आत नेला, पिसं तिनेच काढली. रात्री ताटात वाढलं. हट्टाने दोन घास गिळले, मांस निबर होतं. ती मात्र शांतपणे जेवली, हाडंसुद्धा चोखली. बायका वरून मऊ आणि आतून दगड असतात, हे आज पाहिलं.

बाबा, तुमचा वाण मी संपवला. नियम तुमचाच होता.

१७ मे

सकाळी उठून दाण्याची वाटी घेऊन अंगणात गेलो आणि मधेच आठवलं. वाटी तिथेच ठेवली. आज दुसरं काही लिहिण्यासारखं नाही.

४ जून

लोक माशा मागायला येतात. मी बांधतो, बौदिलिया डबे भरून देते. सगळे खूश. मला कशातच रस नाही. ही वही न्यायाधीशासाठी होती, आता तिचं काय करायचं ते समजत नाही. कोणावर फिर्याद करू? ज्याच्यासाठी करायची तो गेला.

काल मी रस्त्यात पाद्रीबाबांना नमस्कार केला. जवळ गेल्यावर कळलं, ती विधवा लाउदेलिना होती, काळ्या कपड्यांत. तिने हसून सोडून दिलं. घरी येऊन दार लावून बसलो. बाबा भिंतीपाशी बसून हसायचे ते हसणं दिवसभर कानात होतं.

२३ जून

नदी उतरलीय. बर्फ संपलं, पाण्याचा तो गडगडाट गेला, आता नुसती खळखळ. खूप दिवसांनी पलीकडच्या काठावरची घंटा, कुत्री, बोलणी ऐकू यायला लागली.

पहाटे जाग आली ती आरवण्याने. एक हाक. दुसरी हाक. तिसऱ्या हाकेला आवाज चिरकला.

मी उठून बसलो. आधी वाटलं स्वप्न. पुन्हा आला, तीच चिरक. मग वाटलं भूत, कोंबड्याचंही असू शकतं. मग तळपायाची आग मस्तकात गेली. आमाब्लेच्या अंगणातून येतोय आवाज! चोर, शेवटी चोरच! मी कोट घेतला, दारापर्यंत गेलो.

आणि दारात थांबलो. बिशप तिकडे जिवंत आहे, तर मी कापला तो कोण? मी त्याला हातात धरलं होतं. भर दुपारी, वीतभर अंतरावरून त्याच्या तोंडाकडे बघत त्याची माफी मागितली होती.

मागे वळलो. बौदिलिया अंथरुणात बसून होती. तिनेही ऐकलं होतं. कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहत नाही, हे दोघांनाही कळलं होतं. कोट काढून खुंटीला लावायला गेलो तर खुंटी सापडेना. तिने उठून लावला.

२४ जून

संत हुआनचा दिवस. सणासाठी काल रात्री पेटवलेल्या होळ्यांची राख अजून गरम होती. पूल ओलांडला, कठड्याला हात लावून. बौदिलिया मागून येत होती.

आमाब्ले दारातच होता. मी म्हटलं, माझा कोंबडा दे. तो मागे गेला आणि दोन कोंबडे आणून अंगणाच्या भिंतीवर ठेवले, एकेका हाताने पाय धरून.

"घे तुझा," तो म्हणाला. "कुठला ते सांग."

त्याच्या आवाजात टोमणा नव्हता. असता तर बरं झालं असतं, मला भांडता आलं असतं. मी बघत राहिलो. भर ऊन. दोन कोंबडे, दोन्ही कॉफीच्या रंगाचे, दोघांच्याही कडा धुक्यात गेलेल्या. जवळ गेलो. आणखी जवळ गेलो. मागे बौदिलियाचा श्वास ऐकू येत होता. मला एक नाव घ्यायचं होतं, बाबा घ्यायचे तसं, हसून. माझ्याच्याने झालं नाही.

"एक ठिपक्यांचा आहे, होनोरिनो," आमाब्ले हळू म्हणाला. "पोरगंसुद्धा सांगेल. तू कापलास तोही ठिपक्यांचा होता, माझा. बौदिलिया म्हणाली, भर उन्हात आणला तर त्याला दिसणार नाही. मी म्हटलं, इतकंही नसेल. पैज हरलो."

मी अंगठा पुढे केला. डावीकडच्याने मान फिरवली. उजवीकडच्यासमोर धरला, आणि त्याने असा तोडला की हाडापर्यंत कळ गेली.

"हा," मी म्हटलं.

मग मला रडू आलं. सगळ्यांसमोर, सणाच्या दिवशी. आमाब्लेने बिशपला माझ्या काखेत दिलं. आमाब्लेची मी धड माफीही मागितली नाही, नुसतं म्हटलं, या वर्षी अंडी घेऊन जा, हवी तेवढी. तो म्हणाला, बघू, तुझा कोंबडा फार खातो.

परतताना पुलावर मी बौदिलियाला विचारलं, माशा कधीपासून तू बांधतेस? म्हणाली, मार्चपासून. तू नदीवर गेलास की तुझ्या सोडवायच्या आणि परत बांधायच्या. मी म्हटलं, डाव्या हाताने. ती म्हणाली, माझ्याकडे तोच आहे. पूल संपता संपता विचारलं, बिशप कसा दिसतो गं? तिने थांबून, नीट बघून सांगितलं, "झळाळतोय. डब्यातल्या बाबांच्या पिसांसारखाच."

मी मान डोलावली. अंगठ्याचं रक्त त्याच्या पिसांना लागू नये म्हणून हात बाहेर धरून चालत होतो.

उद्या सकाळच्या बसने लेओन. ती म्हणते, डॉक्टर काय सांगेल ते ऐकायचं, मूठ आपटायची नाही. खिडकीजवळची खुर्ची मी तिच्यासाठी सरकवून ठेवलीय, माशा बांधताना तिला उजवीकडून उजेड लागतो.

हे शेवटचं वाक्य रेघेवर आलंय की नाही, ते मला सांगता येत नाही.